मिग तिसरं करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४९. शाळेत असताना मामांनी दुबईहून आणलेली, एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीची प्लास्टिकची छोटी विमानं जोडायची पाच-सहा किट केली होती, दहावीला छंद सुटला. वडील ओझरला एचएएलमध्ये मिगच्या जोडणीवर होते. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला, तो तुम्ही दोघांनी टीव्हीवर पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही माळ्यावरून जुना डबा खाली काढलात. त्यात अर्धवट स्पिटफायर, हम्ब्रॉल रंगाच्या वाळलेल्या डब्या आणि पिवळी पडलेली डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायची चिन्हं. आता आठ महिन्यांवर आलेल्या वडिलांच्या वाढदिवसाला १:४८ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढं, चंदेरी मिग करून द्यायचंय. सुरुवात कुठून करू, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं अवजार) लागेलच का, आणि घरात वास चालत नाही त्याचं काय?

मिग जरूर करा, पण ते तिसरं करा. त्याआधी दोन छोटी विमानं पूर्ण करा. आठ महिने त्याला पुरतात.

मी २००९ मध्ये परतलो, तेव्हा मधे अठरा वर्षांचा खंड होता. हातात पैसे होते, लहानपणी परवडली नव्हती ती हौस होती, म्हणून पहिल्याच महिन्यात १:३२ मापाचं भलंमोठं विमान आणलं. ते आजही माझ्या कपाटावर आहे. पंख लागलेत, चाकं नाहीत. त्यानंतर दोन वर्षं मी ब्रशला हात लावला नाही. परत आलेल्या माणसाचं बहुतेक वेळा इथेच फसतं. तेराव्या वर्षी आपलं काय चुकलंय ते आपल्याला दिसत नव्हतं, म्हणून आपण विमान पुरं करून दिव्याच्या वायरला टांगत होतो. आता सगळं दिसतं. नजर पन्नाशीची आणि हात सातवीतला, ही तफावत असते. दोन किटांत ती बऱ्यापैकी भरून निघते.

त्यातून तुम्ही निवडलंय चंदेरी मिग. हिरवा-तपकिरी रंग बऱ्याच चुका पोटात घालतो. उघड्या धातूचा रंग एकही घालत नाही, उलट ओरडून सांगतो. मिगचं धड म्हणजे एक लांबलचक नळी. किटमध्ये ती डाव्या-उजव्या दोन अर्ध्यांत येते, म्हणजे पाठीवर आणि पोटावर नाकापासून शेपटीपर्यंत सांधा. तो पूर्ण नाहीसा करावा लागतो, खालचा प्लास्टिकचा पृष्ठभाग आरशासारखा घासावा लागतो, त्यावर चकचकीत काळा थर आणि मग मेटॅलिक लॅकर. त्या काळ्या थरात केसाएवढा ओरखडा राहिला तरी चंदेरीत तो दुप्पट दिसतो. पहिल्या किटवर हे करायला मी माझ्या शत्रूलाही सांगणार नाही.

किट मागवण्याआधी एक करा, वडिलांना विचारा: कोणतं मिग? त्यांच्या तोंडी कदाचित ‘टाइप ७७’ असेल. ते म्हणजे मिग-२१ एफएल. ओझरला आधी ते झालं, मग सत्तरच्या दशकात एम म्हणजे टाइप ९६, आणि ऐंशीच्या दशकात बिस म्हणजे टाइप ७५. इंजिनं कोरापूटहून आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादहून यायचं हेही ते तुम्हाला सांगतील, आणि एकदा सुरू झाले की बरंच काही सांगतील. ही विमानं एकसारखी दिसत नाहीत. एफएलची पाठ सडपातळ, बिसच्या पाठीवर इंधनाचा जाडसर कुबड. एफएलची कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचं काचेचं झाकण, पुढच्या काचेसकट अख्खी पुढे उचलली जाते. पीएफएम या दुसऱ्या रूपाची पुढची काच वेगळी आणि कॅनॉपी बाजूला उघडते. डब्यावर पीएफएम लिहिलेलं किट आणून त्यावर भारतीय डिकल्स लावून ‘हे एफएल’ म्हणालात, तर बाकी कुणाला कळणार नाही, पण जो माणूस ते जोडत होता त्याला दारातूनच कळेल. एफएल हे पीएफचं निर्यातीसाठीचं रूप, त्यामुळे त्या दिशेने शोधा. वडील एमवर असतील तर एमएफचं किट बऱ्याच अंशी चालून जातं. १:४८ मध्ये चेक कंपनी एडुआर्डची मिग-२१ किट आकाराला चोख आहेत, माझी पहिली पसंती तीच. त्यांच्या दोन श्रेणी असतात: प्रोफिपॅकमध्ये धातूचे कोरीव सुटे भाग येतात, वीकएंडमध्ये ते नसतात आणि किंमत कमी. तुम्ही वीकएंड घ्या. त्या मापात पंखांचा विस्तार पंधरा सेंटिमीटर आणि लांबी फूटभर, म्हणजे टीव्हीच्या टेबलावर सहज मावेल.

चंदेरीचा हट्ट नसेल तर एक वाट आहे. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर २८ स्क्वाड्रनच्या ज्या मिगनी रॉकेटं डागली ती एफएलच होती. युद्धकाळात या विमानांवर घाईघाईने हिरवे-मातकट पट्टे फासले होते. हाताने मारलेला ओबडधोबड रंग हीच तिथली खरी गोष्ट, त्यामुळे तुमचा थोडा हललेला हातही तिथे खपून जातो. पंखांखाली ५७ मिलिमीटर रॉकेटांचे पॉड लावा, झालं.

आता पहिली दोन किट. एक इंजिन, एक माणूस, एकच पंख. दोन पंखांची पहिल्या महायुद्धातली विमानं नकोत, त्यांच्या तारा ओढण्यात आयुष्य जातं. एअरफिक्सचं १:७२ चं नव्या साच्यातलं स्पिटफायर मार्क वन-ए घ्या. १९५३ मध्ये एअरफिक्सने जे पहिलं विमान काढलं तेही स्पिटफायरच होतं. मापही तेच, एक इंच म्हणजे सहा फूट. दुसरं जपानी कंपनी टामियाचं कुठलंही एक, झिरो किंवा स्पिटफायर. टामियाचे भाग इतके नेमके बसतात की लहानपणी आपण भरत होतो तेवढी पुट्टी आता लागतच नाही हे पाहून चमकायला होतं.

‘नव्या साच्यातलं’ हा शब्द मुद्दाम वापरला. या धंद्यात पोलादी साचे पन्नास-पन्नास वर्षं जगतात आणि नव्या चित्राच्या डब्यात जुनाच माल येऊ शकतो. जुन्या साच्यात पत्र्यांच्या रेषा आणि रिव्हेट उठावाच्या असतात, नव्यात कोरलेल्या. उठावाच्या रेषा सांधा घासताना पुसल्या जातात आणि मग त्या परत आणणं वैतागवाणं. एअरफिक्स स्वतःचे जुने साचे ‘व्हिंटेज क्लासिक्स’ या नावाने सरळ सांगून विकतं, ते ठीक. इतरांचं पाहायचं असेल तर स्केलमेट्स या किटांच्या संकेतस्थळावर किटचं नाव टाका, साचा कोणत्या सालचा आणि मधे किती डबे बदलले ते सगळं दिसतं. एक गंमत: एअरफिक्सचं नॅट हे छोटं जेट पाहून हात शिवशिवेल, कारण नॅट म्हणजे आपलं १९७१, निर्मलजीतसिंग सेखों, श्रीनगर. पण ते सहज मिळणारं किट दोन माणसांच्या प्रशिक्षण विमानाचं, रेड अ‍ॅरोज या ब्रिटिश कसरती करणाऱ्या पथकाचं. आपल्या हवाई दलाचं नॅट एका माणसाचं होतं. विमान वेगळंच.

अवजारांवर फार लिहीत नाही. निपर (भाग कापून सुटे करायची छोटी पक्कड) चांगला घ्या. चाकूसाठी महागड्या सेटची गरज नाही. कुठल्याही सर्जिकलच्या दुकानात ३ नंबरचं हँडल आणि ११ नंबरची ब्लेड मिळतात, त्यासारखं काही नाही. वॉटर पेपर हार्डवेअरवाल्याकडे: ४००, ८००, १५००, २०००. पाण्यात बुडवूनच घासायचा, कोरडा घासलात तर ती पूड नाकात जाते. खरा खर्च करायचा तो दिव्यावर आणि भिंगावर. चाळिशी लागून तुम्हाला बहुधा पाच-सात वर्षं झालीत. डोक्याला पट्ट्याने बसवायचं भिंग घ्या, नाहीतर वैमानिकाचा चेहरा रंगवताना नुसता गुलाबी ठिपका होईल.

गोंद. आपल्या वेळची ती ट्यूब आणि तिची लाळेसारखी तार विसरा. आता पातळ सिमेंट वापरतात, टामियाचं हिरव्या झाकणाचं. ते चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फक्त सांध्याला टेकवायचं. द्रव आपोआप फटीतून पळत जातो. अर्धा मिनिट थांबून दोन्ही बाजू हलकेच दाबा, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक वळ सांध्यावर वर येईल. तो पुसू नका. एक दिवस वाळू द्या आणि मग चाकूने तासा, सांध्याला पुट्टी लागणार नाही. फक्त बोट सांध्यावर नको, सिमेंट बोटाखालीही पळतं. तुमच्या जुन्या स्पिटफायरच्या पंखावर जो अंगठ्याचा ठसा आहे म्हणता, तो असाच उमटलाय.

काचेला म्हणजे कॅनॉपीला मात्र साधं फेविकॉल. फेविक्विक चुकूनही नाही. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी धुरकट साय धरते आणि ती बहुधा आतल्या बाजूला असते. मी एकदा रात्री अकरा वाजता, ‘एवढं लावूनच झोपतो’ म्हणून लावलं. सकाळी वैमानिक धुक्यात बसला होता.

रंगावर मात्र नीट थांबायला हवं, कारण तुमच्या खंडात सगळ्यात जास्त बदल तिथे झालाय. आपल्याला एकच रंग माहीत होता: एनॅमलची छोटी डबी, टर्पेंटाइन आणि वाळायला रात्र. आता तीन कुळं आहेत आणि तिघांची आपसात भांडणं. एनॅमल अजून आहे. दुसरं लॅकर: पटकन वाळतं, घट्ट बसतं, वास डोकं उठवणारा. तिसरं अ‍ॅक्रिलिक, आणि यातच लोक फसतात, कारण ते एक नाही, दोन आहे. टामियाचं अ‍ॅक्रिलिक अल्कोहोलच्या जातीचं. त्यात त्यांचं थिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं की एअरब्रशमधून रेशमासारखं येतं. पण हाताने ब्रशने मारलंत तर दुसरा हात देताना खालचा थर उचलून येतो आणि तुम्ही स्वतःला दोष देत बसता. स्पॅनिश वायेहोचं अ‍ॅक्रिलिक पाण्याच्या जातीचं, ब्रशला उत्तम. त्यात अल्कोहोल घातलंत तर दूध नासावं तसं नासतं, गुठळ्या होतात आणि एअरब्रशची सुई साफ करण्यात रविवार जातो. बाटलीवर दोन्हीकडे ‘अ‍ॅक्रिलिक’ एवढंच लिहिलेलं असतं.

थरांचा क्रमही लक्षात ठेवा. खाली लॅकर, वर काहीही चालतं. एनॅमलवर लॅकर मारलंत तर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं सुरकुततं. आणि पत्र्यांच्या रेषांत काळपट छटा भरायची असेल तर अ‍ॅक्रिलिकचा चकचकीत वार्निश पूर्ण वाळल्यावर तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून रेषांत सोडा, अर्ध्या तासाने कापसाच्या काडीने पुसा. त्यासाठी तयार बाटल्या विकतात. कॅमलिनच्या तैलरंगाची बर्न्ट अंबरची एक ट्यूब पंधरा विमानांना पुरते, माझी अजून चालू आहे.

एअरब्रश लागेलच का? पहिल्या किटला अजिबात नाही. वायेहो, चांगला सपाट ब्रश, पातळ तीन-चार हात, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. दुसऱ्या किटच्या आधी एअरब्रश घ्या, कारण चंदेरी मिग त्याच्याशिवाय होणार नाही आणि त्याच्यावर हात बसायला एक विमान जातंच. डबल अ‍ॅक्शन, ०.३ मिलिमीटरची सुई, हवेची छोटी टाकी असलेला कॉम्प्रेसर. टाकी नसलेला स्वस्त कॉम्प्रेसर धापा टाकत हवा सोडतो आणि त्या धापा रंगात दिसतात. दाब १५ ते २० पीएसआय. रंग किती पातळ? जगभर ‘दुधासारखा’ म्हणतात. मी ‘साय काढलेल्या दुधासारखा’ म्हणतो, कारण म्हशीच्या दुधाइतका दाट धरलात तर कोळ्याचं जाळं बाहेर पडेल.

आणि इथेच माळ्यावरचं ते अर्धवट स्पिटफायर कामाला येतं. ते पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका. तो तुमचा प्रयोगाचा बकरा. प्रत्येक नवा रंग, नवं थिनर, नवा दाब आधी त्याच्या पंखावर. माझ्याकडे असंच एक जुनं विमान आहे, त्यावर आता इतके थर आहेत की ते मूळ कोणतं होतं ते मलाच आठवत नाही. त्याची पिवळी डिकल्सही फेकू नका. पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, आठ-पंधरा दिवसांच्या उन्हात पिवळेपणा बराच उतरतो. पाण्यात घालण्याआधी त्यावर चकचकीत लॅकरचा एक हात द्या, नाहीतर पाण्यात पडताच तुकडे तुकडे होतील. हे जमलं की नव्या डिकल्सची भीती उरत नाही. नव्यांचं एकच पथ्य: खरखरीत, मॅट पृष्ठभागावर लावू नका. खाली हवा अडकते आणि पारदर्शक कड चंदेरी चमकते. आधी चकचकीत वार्निश, मग डिकल, शेवटी मॅट. विमानावरच्या गोल तिरंगी भारतीय चिन्हाचा केशरी रंग छापताना बऱ्याचदा लालभडक होतो. तुमच्या किटमधला तसा असेल तर वेगळी डिकल्स मागवा, तेवढा खर्च सार्थकी लागतो.

वासाबद्दल. पाण्याचं अ‍ॅक्रिलिक जवळजवळ वासाचं नाही, पहिलं किट त्यातच होईल. लॅकर मात्र घरात नकोच, बाल्कनीत. एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरच्या डब्या असलेला रेस्पिरेटर लागतो, तो घ्या आणि त्यात काटकसर करू नका. लॅकरची वाफ पेट घेते, म्हणून स्वयंपाकघराच्या जवळ किंवा देवघरात निरांजन लागलेलं असताना फवारा नको. माझ्या आईने एकदा संध्याकाळी बरोबर त्याच वेळी दिवा लावायला घेतला होता. तेव्हापासून घरात नियम झाला, आधी दिवा शांत होईल, मग विमान.

तुमचं वेळापत्रक पाहता एक अडचण सांगून ठेवतो. आठ महिन्यांचा शेवट जुलैच्या आसपास येतो. पावसाळ्यात लॅकर आणि मॅट वार्निश मारू नका. हवेतली वाफ थरात अडकते आणि रंग दुधट होतो. मी एका जुलैत तयार झालेलं गडद निळं विमान अंगणातच पांढुरकं होताना पाहिलंय. उपाय असतो, कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा हलका फवारा मारला की बहुधा उतरतं. पण चंदेरीवर तो जुगार नको. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली असतेच, तरीही. म्हणून रंगकाम मेअखेर संपवा. पावसात डिकल्स, रेषा, चाकं आणि बारीकसारीक कामं करा, ती बसून करायचीच असतात. हिशेब असा मांडा: स्पिटफायर सहा आठवडे, टामिया सहा आठवडे, उरलेलं सगळं मिगला. रोज तासभर बसणं रविवारच्या आठ तासांपेक्षा बरं, कारण या छंदात अर्धा वेळ वाळण्याची वाट पाहण्यात जातो.

आणि हो, किटांचा साठा. मिग येण्याआधी सवलतीत अजून चार डबे दिसतील. मी काही बोलणार नाही, माझ्या पलंगाखाली एकतीस आहेत.

शेवटी ठेवण्याचं. धूळ झटकायला मेकअपचा मऊ ब्रश, आणि शक्य असेल तर काचेचं कपाट. विमानांचा खरा शत्रू दिवाळीची साफसफाई आहे. मिगच्या नाकावरची ती लांब पिटो नळी (हवेतला वेग मोजणारी) दर वर्षी पहिली जाते. प्लास्टिकची नळी लावूच नका. औषधांच्या दुकानातून दोन जाडीच्या इंजेक्शनच्या सुया आणा, टोकं कापून घासून बोथट करा आणि एकीत दुसरी सरकवा, पायरीची जाडी बरोबर मिळते. नाकात बारीक भोक पाडून फेविक्विकने बसवा, इथे ते चालतं, काच लांब आहे. पण हे काम सगळ्यात शेवटी, विमान वडिलांच्या खोलीत नेऊन ठेवल्यावर. आधी लावलीत तर नेतानाच शर्टाच्या बाहीत अडकेल.